उजेडाच्या आतला रस्ता

मृगाच्या पहिल्या सरीचं कौतुक करावं ते ओसरीवर बसलेल्यांनी. मातीचा वास, कांदाभजी, खिडकीतून बाहेर काढलेला हात, सगळं मान्य. पण त्याच वेळी जो दुचाकीवर रस्त्यात सापडलेला असतो, त्यालाही एकदा विचारावं. सात-आठ महिने उन्हात भाजलेल्या डांबरावर टायरचं झिजलेलं रबर, ठिबकलेलं ऑइल, डिझेल आणि बारीक धूळ यांचा एक थर बसलेला असतो. तासभर धो धो पाऊस पडला तर तो वाहून जातो. पहिल्या शिडकाव्यात तेवढा दम नसतो. तो थर नुसता भिजतो आणि वर येतो. तुपकट ताटात चमचाभर पाणी टाकून बोट फिरवून बघा, म्हणजे कळेल. जुलैतल्या मुसळधार पावसात रस्ता जितका घसरत नाही, तितका जूनच्या त्या पहिल्या अर्ध्या तासात घसरतो. आणि हा पाऊस यायचा तोही बहुधा दिवेलागणीला, म्हणजे धड उजेड नाही आणि धड अंधार नाही अशा वेळी.

माझं या विषयातलं शिक्षण कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर झालं. घर कोल्हापुरात, आजोळ पालीच्या अलीकडे. रस्ता सगळा मिळून १३० किलोमीटरच्या आसपास, पण त्यात काय नाही? केर्ली, वाघबीळ, बांबवडे, मलकापूर हा उसाचा पट्टा. आंबा गावापाशी धुकं. पुढे घाट. घाट उतरून साखरप्याला आलं की जांभ्याची लाल माती, दाभोळ्याची वळणं आणि नाणीजच्या पुढे पुन्हा पाऊसच पाऊस. आता त्यात चौपदरीकरणाची भर पडली आहे. काल सरळ जाणारा रस्ता आज उजवीकडे वळवलेला असतो आणि तसं सांगणारी पाटी कधी असते, कधी चिखलात आडवी पडलेली असते.

शिकवणारे होते तात्या, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली, त्यातली बरीचशी रातराणीवर. माणूस मितभाषी. गाडी शिकवतानाही ‘क्लच सोड’ आणि ‘घाई करू नको’ यापलीकडे फारसं बोलायचे नाहीत. पहिल्यांदा रात्री त्यांच्या शेजारी बसून मी गाडी चालवत होतो, तेव्हा मात्र बांबवडे सोडल्यावर म्हणाले, “हे बघ, आपला उजीड जितवर पडतोय, तितवरच आपला रस्ता. त्येच्या फुडं रस्ता हाय का न्हाई, कुणाला ठावं?”

ऐकायला हे वाक्य जरा जास्तच वाटतं. रस्ता जाणार कुठे? पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ तो खरोखरच गेला. सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात कोसळला आणि राजापूर–बोरिवली आणि जयगड–मुंबई या दोन एसटी, शिवाय आणखी वाहनं अंधारात थेट पाण्यात गेली. दोन्ही गाड्या आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातून सुटलेल्या. तात्या तोवर निवृत्त झाले होते. त्या दिवशी त्यांनी घरातला टीव्ही बंद करू दिला नाही. तशा पावसात, तशा काळोखात पूल नाही हे कुठल्या चालकाला कळणार होतं? तिथे दोष द्यायचाच तर रस्ते राखणाऱ्या व्यवस्थेला द्यायला हवा, स्टिअरिंगवरच्या माणसाला नाही. पण एरवी, रोजच्या रस्त्यावर, उजेडापुढे असतं ते पूल पडण्याइतकं भयंकर नसतं. बंद पडलेला ट्रक असतो, मोरीजवळ खचलेली साइडपट्टी असते, कुत्रं असतं, मोटारसायकलवर प्लास्टिकचा कागद पांघरून निघालेलं जोडपं असतं. तिथे मात्र तात्यांचं वाक्य शब्दशः लागू पडतं, आणि ते आकड्यांत मांडता येतं.

ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पुढे काहीतरी दिसलं, ते काय आहे हे डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर संपले. ओल्या डांबरावर तिथून पुढे थांबायला साधारण ३५ मीटर लागतात, तेही टायर बरे असतील आणि उतार नसेल तर. झाले ६०. आता डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्याचा, उपयोगी उजेड बघा. काळ्या कपड्यातला माणूस किंवा मळकी ट्रॉली ओळखू यावी असा उजेड ४०-५० मीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे ओल्या रस्त्यावर डिपरमध्ये साठाने जाणारा माणूस, ज्याला आपण अगदी सभ्य चालक म्हणू, तोसुद्धा आपल्या उजेडाबाहेर गाडी चालवत असतो. पुढे काही नसतं म्हणून तो वाचतो. ताशी ८० ला हाच हिशेब ९५ मीटरच्या पुढे जातो, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. आणि ताशी ४० ला? जेमतेम ३२-३३ मीटर. उजेडाच्या आत.

यावर लोक म्हणतात, चाळिसाने गेलो तर पोचणार कधी? पण कायम चाळिसाने जा असं कुणीच म्हणत नाही. समोरून कुणी येत नसेल तेव्हा अप्पर, म्हणजे लांबचा दिवा लावावा, उजेड शंभर मीटरच्या पुढे जातो, त्या मानाने वेग वाढवावा. समोर दिवे दिसले की डिपर द्यावा आणि डिपरबरोबर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पायही उचलावा. हा दुसरा अर्धा भाग फार कमी लोक करतात. हात सवयीने डिपर देतो, पाय होता तिथेच राहतो, आणि उजेड अर्ध्यावर आला तरी गाडी तितक्याच वेगाने पुढे जात राहते.

अर्थात डिपर देणारे तरी किती उरलेत? पूर्वी रात्रीच्या रस्त्यावर एक अबोल व्यवहार होता. तू खाली घे, मी खाली घेतो. आता बाजारातून आणून बसवलेले पांढरेफटक एलईडी दिवे खाली घेतले तरी डोळ्यात घुसतात, कारण ते ज्या काचेत बसवलेत ती काच त्यांच्यासाठी बनलेलीच नसते. शिवाय ओळीने चार दिवे बंपरवर. अशा गाडीवाल्याला धडा शिकवायला आपणही अप्पर लावणारे शूर वीर आहेत. दोन आंधळे एकमेकांच्या दिशेने साठ-साठच्या वेगाने येतात, यात कोण काय शिकतं ते मला कळलेलं नाही.

डोळ्याचं काम समजून घेतलं की राग जरा निवळतो. अंधाराला डोळा पुरता सरावायला अर्धा तास लागतो, आणि ही कमाई एका झगझगीत दिव्याने क्षणात बुडते. नंतर पुन्हा नीट दिसायला काही सेकंद जातात. पाच सेकंद धरले तर साठाच्या वेगाला ८३ मीटर आपण जवळपास डोळे मिटून गेलेलो असतो. म्हणून समोरच्या दिव्यांकडे बघायचंच नाही, नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची. गाडीतला मोबाईल आणि डॅशबोर्डचा मोठा पडदा अगदी मंद करायचा. वयाचाही भाग आहे. साठीतल्या माणसाच्या डोळ्यात आतपर्यंत पोचणारा उजेड विशीतल्याच्या सुमारे एक तृतीयांश असतो. बाहुली तेवढी मोठी होत नाही, भिंग पिवळट झालेलं असतं. तात्यांनी एका रात्री साखरप्याच्या स्टँडजवळ गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली. “दिव्याभवती कडं दिसाय लागलंय,” एवढंच म्हणाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत त्यांनी रात्री स्टिअरिंगला हात लावला नाही. ज्या माणसाचं पोट गाडीवर चाललं, त्याने हे इतक्या सहज करावं याचं मला अजून नवल वाटतं. आपल्याकडे सत्तरीतल्या काकांना ‘रात्री नका चालवू’ म्हणून बघा, आठवडाभर बोलणार नाहीत.

पाऊस सुरू झाला की पांढरी पट्टीही दगा देते. त्या रंगात काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात, आपल्या दिव्याचा उजेड ते आपल्याकडे परत पाठवतात. पट्टीवर पाण्याचा थर चढला की मणी बुडतात आणि पट्टी नाहीशी होते. डांबराचंही तेच. कोरडं डांबर खडबडीत असतं, त्यावर पडलेला थोडा उजेड आपल्याकडे परत येतो. ओलं झालं की त्याचा आरसा होतो आणि आपला उजेड पुढे निघून जातो, समोरच्याच्या डोळ्यात. त्याचा आपल्या. म्हणजे दिवे चालू असूनही रस्ता काळाच, आणि चमक तेवढी सगळीकडे. अशा वेळी खरा आधार रस्त्यात ठोकलेल्या कॅट आयचा, म्हणजे दिवा पडला की चमकणाऱ्या त्या छोट्या डोळ्यांचा. पर्सी शॉ नावाच्या यॉर्कशायरच्या माणसाने १९३४ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या मूळ रचनेत वरून चाक गेलं की ते डोळे रबरात दबून पुसलेही जायचे. आपल्याकडचे प्लास्टिकचे असतात, दोन पावसाळ्यांत उखडतात, पण आहेत तोवर त्यांच्याइतकं खरं दुसरं काही नसतं.

टायरबद्दल एवढंच की कायद्याने मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आलं की संपलं. गोटा झालेल्या टायरला पाणी बाजूला सारता येत नाही, गाडी पाण्यावर तरंगते, स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. त्या क्षणी ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंग हिसकायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी सरळ धरायची, चाक परत जमिनीला टेकेपर्यंत. दुचाकीवाल्यांना तर गटाराचं लोखंडी झाकण, पुलाच्या सांध्याची पट्टी आणि झेब्रा क्रॉसिंगचा रंगसुद्धा पुरतो.

आंब्याच्या अलीकडे-पलीकडे पावसाळ्यात धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. नवखा माणूस घाबरून अप्पर लावतो आणि समोर पांढरी भिंत उभी करून घेतो. डिपर, आणि असले तर खालचे फॉगलाईट. पिवळा दिवा धुकं चिरतो यावर तात्यांची अढळ श्रद्धा. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की पिवळा काय आणि पांढरा काय, सगळे रंग सारखेच विखुरतात. पिवळा डोळ्याला कमी टोचतो आणि तो दिवा खाली, आडवा पसरणारा असतो, हा खरा फायदा. हे मी त्यांना एकदा सांगून बघितलं. त्यांनी खिडकी उघडली, तंबाखूची पिंक टाकली आणि विषय संपला. त्या तंबाखूचा एक खरा उपयोग मात्र त्यांनीच दाखवला होता. वायपर बंद पडला तर चिमूटभर ओली तंबाखू काचेवर चोळायची. पाण्याचे थेंब धरत नाहीत, पाणी पसरून वाहतं आणि पुढच्या स्टँडपर्यंत जाण्यापुरतं दिसतं. जुने ट्रकवाले सगळे हेच करायचे.

धुक्यात चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून जाणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं आहे, आणि ते छापण्याजोगं नाही. ते दिवे उभ्या गाडीसाठी आहेत. मागच्याला कळत नाही की तुम्ही थांबलाय की चाललाय, आणि बऱ्याच गाड्यांत ते चालू असताना वळायचा इशाराही देता येत नाही.

गव्याचा अनुभव याच पट्ट्यातला. तिन्हीसांजेनंतर आंब्याच्या आसपास आम्ही हळूच चाललो होतो. डिपरच्या उजेडात, रस्त्यापासून हातभर उंचीवर, चार पांढरे मोजे दिसले. नुसते मोजे. वर काहीच नाही, काळोख. मग त्या काळोखाला वाफ आली आणि कळलं की मोज्यांच्या वर अख्खं जनावर आहे, आपल्या गाडीपेक्षा उंच. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात आणि अंग काळपट, त्यामुळे दिव्याला आधी पायच सापडतात. त्याने मान वळवली तेव्हा डोळे हिरवट चमकले, तोवर ते ओळखायला दुसरी खूणच नव्हती. तात्या पुटपुटले, “हॉर्न नको. दिवा बारीक कर.” त्याला वाटलं तेव्हा तो गेला. मी गाडी पुढे काढायला लागलो तर त्यांनी मांडीवर हात ठेवला. “थांब. येकटा नसतोय.” मागून दोन गायी आणि एक वासरू निघालं. आम्ही साठाने असतो तर हा परिच्छेद लिहायला मी नसतो.

घाटाचं शास्त्र जुनंच आहे आणि तरी दर पावसाळ्यात ब्रेकचे लायनर जळल्याचा वास येतोच. ज्या गिअरात चढशील, त्याच गिअरात उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग अजूनही आहेत. गिअरात असली की इंजिन गाडी धरतं, ब्रेक थंड राहतात आणि निसरड्या वळणावर चाक एकदम जाम होत नाही. वळणाच्या आत ब्रेक मारायचाच नाही, वेग वळणाआधीच कमी करायचा. झाडांच्या सावलीतल्या कडेला शेवाळ धरतं, डोंगराच्या बाजूने लाल पाणी रस्त्यावर येतं, अवजड गाड्यांच्या टाक्यांतून वळणावरच डिझेल सांडतं. या सगळ्या जागा दिवसा दिसतात, रात्री आठवाव्या लागतात. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, कायदाही तेच सांगतो. चढावर थांबलेला भरलेला ट्रक ओल्या रस्त्यावर पुन्हा उचलणं काय असतं, हे एकदा त्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून बघावं. खाली उतरलं की आषाढात चिखलणीचे ट्रॅक्टर. लोखंडी पिंजऱ्याची चाकं शेतातला चिखल रस्त्यावर आणून टाकतात आणि रात्रीच्या पावसात तो लोण्यागत पसरतो.

पावसाळा संपला म्हणजे सुटलो असं नाही. दिवाळीच्या पुढेमागे उसाचा हंगाम लागतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हात-दोन हात बाहेर आलेला, मागचे दिवे असलेच तर उसाच्या शेंड्याच्या वाड्याखाली झाकलेले. समोरून येताना ट्रॅक्टरचा एकच दिवा पेटलेला दिसतो, आपण मोटारसायकल समजतो आणि तेवढीच जागा सोडतो. आपल्याच दिशेने पुढे चाललेली ट्रॉली तर दिसतच नाही. पंक्चर झाली की ती रस्त्यातच सोडून, मागे चार दगड ठेवून माणूस निघून जातो. ट्रॉली दुरुस्त करून नेली तरी दगड तिथेच. लाल रिफ्लेक्टर पट्टी काही फार पैशांची वस्तू नाही. गाळपाआधी प्रत्येक कारखान्याच्या गेटवर ती सक्तीने चिकटवली तर किती घरं वाचतील, हे सांगायला कुठल्या समितीची गरज नाही. काही ठिकाणी लावतातही. पण धुळीने माखलेली पट्टी न लावलेल्या पट्टीइतकीच असते, तेव्हा पुसायची जबाबदारीही कुणावर तरी टाकायला हवी.

राहिली झोप. पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट, कारण शरीर त्या वेळी झोप मागतंच. डुलकी तीन-चार सेकंदांची असते, पण ऐंशीच्या वेगाला तेवढ्यात सत्तर-ऐंशी मीटर जातात. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, यांतल्या कशानेही झोप जात नाही, जरा लांबते. चहासुद्धा अंगात भिनायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो. म्हणून चहा प्यायचा आणि लगेच निघायचं नाही. सीट मागे टाकून तेवढा वेळ डोळे मिटायचे, म्हणजे झोप आणि चहा दोन्ही कामाला येतात. तात्यांना यातलं शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. मलकापूरच्या टपरीवर चहा घेऊन ते गाडीत आडवे व्हायचे, आणि कुणी ‘उशीर होतोय’ म्हटलं तर घोरून उत्तर द्यायचे.

उशीर होतोय म्हणणारं बहुधा गाडीत नसतंच. ते घरी असतं आणि दर दहा मिनिटांनी फोन करतं, “कुठवर आलात?” या फोनवर तात्यांचा भारी राग. मोबाईल आल्यावर त्यांनी आजोळी आणि घरी, दोन्हीकडे जाहीर करून टाकलं की निघताना कुणी पोचायची वेळ विचारायची नाही आणि चालवणाऱ्याने सांगायची नाही. आजीने बरेच दिवस कुरकुर केली, भाकऱ्या गार होतात म्हणून. आता आमच्याकडे कुणी वाट बघत जेवायचं थांबत नाही.